आधी घरचे कवी

इंदूरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरविले, याचा अभिमान आपण आजही मिरवतो. मात्र आपल्याच कविसंमेलनात पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तासभर आणि इथल्या कवींना आभारप्रदर्शनापूर्वीची पाच मिनिटे, ही वाटणी कोणी केली? आपणच. पाहुणचार माळव्याच्या रक्तात आहे, हे खरे. पण घरच्यांना उपाशी ठेवून? मुलांच्या मराठीत हिंदी डोकावली की आपण नाके मुरडतो, आणि ती हिंदीतच लिहू लागली की नवी पिढी येत नाही म्हणून गळा काढतो. येत्या कोजागरीला पहिला तास इथल्या नवोदितांचा असावा. पाहुण्यांनी तो समोर बसून ऐकावा. कार्यकारिणीने ही सूचना एकदा फेटाळली आहे. आम्ही ती पुन्हा मांडणार आहोत.