ओवाळणी आणि वाटा

निवडणुकीच्या प्रचारात स्त्रियांचा विषय निघाला की उमेदवाराच्या तोंडी बहिणीचे नाते येते, ही महाराष्ट्रातली जुनी रीत आहे. 2024 साली या रीतीला सरकारी योजनेचे रूप मिळाले. त्या वर्षीच्या जूनअखेर ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांच्या खात्यांवर दरमहा 1,500 रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान होईपर्यंत महायुतीने 2,100 रुपयांचे आश्वासन दिले होते, तर महाविकास आघाडीने 3,000 रुपयांचे. स्त्रियांच्या प्रश्नांवर तुमची भूमिका काय, या प्रश्नाला दोन्ही बाजूंच्या उमेदवारांनी मुख्यतः एका आकड्याने उत्तर दिले. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद झाली. 2,100 रुपयांचा मात्र पत्ता नव्हता.

या रकमेची टिंगल करण्याचे कारण नाही. ज्या स्त्रीला औषधासाठीही नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो, तिच्या स्वतःच्या नावावर दरमहा पैसे येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. शहरी सुखवस्तू मंडळी या योजनेला ‘रेवडी’ म्हणून नाके मुरडतात, तेव्हा कारखानदारांना मिळणाऱ्या करसवलतींना ती हा शब्द लावत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. आक्षेप आहे तो वेगळा. हा पैसा ओवाळणीच्या नात्याने दिला जातो. ओवाळणी भावाच्या मर्जीची असते. वाटा हा हक्काचा असतो. आणि वाट्याबद्दल उमेदवार बोलत नाहीत.

हे मौन किती महाग पडते, ते मावळात पाहावे. सोमाटणे-उर्से पट्ट्यातल्या परंदवडीसारख्या गावाची जमीन एके काळी भातखाचरांची होती. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आला, तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली, बंगल्यांचे प्लॉट पडू लागले आणि पोत्यांत मोजली जाणारी जमीन गुंठ्यांत मोजली जाऊ लागली. गुंठ्याचा भाव लाखांत बोलला जाऊ लागला, तशी लग्न होऊन गेलेल्या बहिणींची आठवणही तीव्र झाली. गिऱ्हाईक आले की वकील विचारतो, बहिणींच्या सह्या आहेत का? मग बहिणीला माहेरी बोलावणे जाते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नाममात्र मुद्रांकावर हक्कसोडपत्र नोंदवले जाते, तलाठ्याकडे फेरफार पडतो, सात-बारावरून तिचे नाव निघते. बदल्यात साडीचोळी होते, क्वचित थोडी रक्कमही मिळते. सही नाकारणारीला एकच धाक असतो: माहेर तुटेल. जी सही करते, तीच लाडकी बहीण ठरते. सरकारने योजनेला नेमके हेच नाव द्यावे, हा योगायोग बोलका आहे.

कायदा तिच्या बाजूचा आहे, आणि त्यात महाराष्ट्र मागे नव्हता. 1994 साली राज्याने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. तथापि त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, आणि 2020 साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही असा निर्णय दिला. म्हणजे दोन एकर जमिनीत दोन भाऊ आणि एक बहीण एवढेच वारस असतील, तर तिच्या वाट्याला सुमारे 27 गुंठे येतात. याउलट लाडक्या बहिणीला वर्षाकाठी मिळतात 18,000 रुपये. अर्थशास्त्राच्या भाषेत एक उत्पन्नाचा तुकडा आहे, दुसरी मालमत्ता आहे. उत्पन्नाचा तुकडा पुढच्या मंत्रिमंडळाला काढून घेता येतो. मालमत्ता असलेली स्त्री कर्ज काढू शकते, घर सोडावे लागले तर उभी राहू शकते, सासरी आणि माहेरी दोन्हीकडे तिचा शब्द ऐकला जातो.

मावळातल्या स्त्रीला जमिनीचे मोल कळत नाही असे कोणी समजू नये. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. त्यांत एक स्त्री होती. त्या गोळीबाराचा उल्लेख पुढे तालुक्यातल्या प्रचारात अनेकदा झाला. पण जमीन राखायला जी पुढे येते, तिचे नाव सात-बारावर का नसावे, हा प्रश्न व्यासपीठावर आला नाही.

उमेदवार स्त्री असली की प्रश्न आपोआप सुटतो, असेही नाही. 1995 साली मावळने रूपलेखा ढोरे यांना विधानसभेत पाठवले होते. त्यानंतर 2024 पर्यंत तालुक्याने एकही स्त्री आमदार निवडलेली नाही. राज्यात 288 पैकी 24 स्त्रिया 2019 साली निवडून आल्या, आणि 2024 साली ही संख्या वाढण्याऐवजी घटली. संख्या वाढलीच पाहिजे. पण भूमिका कशाला म्हणतात हे पाहायचे, तर मृणाल गोरे यांच्याकडे पाहावे. गोरेगावच्या वस्त्यांत त्यांनी पाण्याचा नळ हा स्त्रियांचा प्रश्न केला, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर आणल्या, आणि 1977 साली लोकसभेत निवडून गेल्या त्या पाण्याच्या नावानेच. पुढे विधानसभेत असताना 1986 साली त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक मांडले. 1988 चा राज्याचा कायदा आणि 1994 चा देशाचा कायदा, ही त्या आंदोलनाचीच पुढची पावले. त्यांनी स्त्रियांना काय देऊ हे सांगितले नाही. काय थांबवू आणि कशासाठी लढू हे सांगितले, आणि सभागृहात जाऊन ते केले.

समाजवाद्यांशी ज्यांचे अर्थकारणात कधी जमले नाही, त्या शरद जोशींनाही या बाबतीत त्यांचे श्रेय दिले पाहिजे. 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेऊन शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून द्यायला लावले. त्या मोहिमेचा भर पत्नीवर होता. बहीण तेव्हाही दाराबाहेरच राहिली. डाव्या चळवळीने तरी काय केले? रोजगार हमीवर स्त्रीला पुरुषाइतकी मजुरी मिळावी म्हणून ती झगडली, 2023 च्या डिसेंबरात अंगणवाडी सेविकांनी संप पुकारला तेव्हा ती त्यांच्यासोबत उभी राहिली. पण आपल्याच कार्यकर्त्यांच्या घरातल्या हक्कसोडपत्रांबद्दल तिनेही मौन पाळले. मजुरीचा झगडा मालकाशी असतो. वाट्याचा झगडा भावाशी, आणि पुष्कळदा तो भाऊच शाखेचा चिटणीस असतो.

सबब पक्षाने आपल्यापासून सुरुवात करावी. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात प्रत्येकाला वारसाहक्काने आलेली जमीन दाखवावी लागते. पक्षाच्या उमेदवाराने त्याच्या जोडीला आणखी एक कागद द्यावा: या जमिनीत बहिणी किती, त्यांपैकी सात-बारावर नावे किती जणींची, आणि हक्कसोड झाला असेल तर कोणत्या साली, कोणत्या मोबदल्यात. जो हा कागद देणार नाही त्याला तिकीट देऊ नये. मग परंदवडीत मते मागायला येणाऱ्या इतर पक्षांच्या उमेदवारांनाही हाच कागद मागता येईल. 1,500 आणि 2,100 यांतला फरक त्यानंतर विचारता येईल.