पडद्यावरचे महाविद्यालय

मुलांनो, दहावीनंतर कोठे शिकायचे, हा प्रश्न लवकरच तुमच्यापुढे येणार आहे. त्याचे उत्तर आपण कसे शोधतो, याचा आज विचार करू.

रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावाचे उदाहरण घ्या. खाडीच्या एका तीरावर हे गाव आहे आणि दुसऱ्या तीरावर रत्नागिरी शहर. मध्ये पूल आहे. पूर्वी अशा गावातल्या मुलांना महाविद्यालयाची माहिती कशी मिळत असे? थोरला भाऊ सांगे, शेजारची ताई सांगे, शाळेतले सर किंवा बाई सांगत. आज ही माहिती मोबाइलच्या पडद्यावर येते. मुंबईचे किंवा पुण्याचे महाविद्यालय घरबसल्या दिसते.

हा बदल मला चांगला वाटतो. ज्या घरातून आजवर कोणीच महाविद्यालयात गेले नाही, त्या घरातल्या मुलीलाही आता अभ्यासक्रम, शुल्क आणि शिष्यवृत्ती यांची माहिती मिळू शकते. त्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही. पण पडद्यावर दिसते, तेवढ्यावरच निर्णय घ्यावा का? मला वाटते, घेऊ नये.

‘जाहिरात’ हा मराठी शब्द पाहा. तुमच्या उर्दूतला ‘जाहिर’ त्यात बसलेला आहे. जे जाहीर करायचे असते, तेच जाहिरातीत येते. सुंदर इमारत येते, स्नेहसंमेलन येते, हसणारे विद्यार्थी येतात. प्रयोगशाळेत किती मुलांना मिळून एक सूक्ष्मदर्शक आहे, हे येत नाही. शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हेही येत नाही. मध्येच शिक्षण सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे तर कोणी दाखवत नाही.

आणखी एक गंमत आहे. एका महाविद्यालयाची चित्रफीत पाहिली, की तशाच आणखी दहा पुढे येतात. मग वाटते, ‘सगळीकडे याचेच नाव आहे!’ खरे म्हणजे तुम्ही काय पाहता, हे यंत्र लक्षात ठेवते आणि तेच पुन्हा पुढे करते. वारंवार दिसणे वेगळे आणि चांगले असणे वेगळे.

मोबाइलवर मित्रांचे गटही असतात. तेथे एकजण लिहितो, “आपण सगळे तिकडेच जाऊ.” बाकीचे होकार देतात. मैत्री चांगलीच, पण प्रत्येकाची आवड आणि घरची परिस्थिती सारखी नसते. 2025 साली महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा काही मोठ्या शहरांपुरतीच होती. त्या वर्षी अर्जात दहापर्यंत महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहायची होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथेच प्रवेश घेणे बंधनकारक होते. मित्राच्या सांगण्यावरून पहिले नाव लिहिणे किती महाग पडू शकते, ते यावरून कळेल.

दूरचे पाहताना जवळचे राहून जाते, हीसुद्धा काळजीची गोष्ट आहे. भाट्ये गावातच 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. नारळ आणि मासळी यांवर किनाऱ्यावरची कितीतरी घरे चालतात. त्याच विषयांचे उच्च शिक्षण आपल्याच जिल्ह्यात मिळते, हे किती मुलांना ठाऊक असते? मत्स्य महाविद्यालयात जायचे, तर अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घ्यावी लागते. बारावीनंतर हे कळले, तर वेळ निघून गेलेली असते.

मग काय करावे? मोबाइल बाजूला ठेवा, असे मी म्हणणार नाही. तो नुसता पाहण्यासाठी न वापरता विचारण्यासाठी वापरा. महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन करा. शुल्क वर्षाला एकूण किती? वसतिगृह आहे का? शिकवण्याचे माध्यम कोणते? उर्दू शाळेतून आलेल्या मुलांना सुरुवातीला काही मदत मिळते का? संध्याकाळी घरी परतायला एस. टी. असते का? उत्तरे वहीत लिहा. तेथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला. शक्य झाले, तर ते सोडून आलेल्यालाही भेटा. पदवीसाठी बाहेर जाताना विद्यापीठाची मान्यता तपासा. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग आपल्या संकेतस्थळावर देतो. ती पाहायला पैसे पडत नाहीत. “आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल,” असे कोणी फोनवर म्हणाले, तर घरच्यांना आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आणि महाविद्यालय जवळ असेल, तर आईवडिलांबरोबर एकदा तेथे जाऊन या. ग्रंथालयात डोकवा, वर्ग पाहा, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मुलांशी बोला. पुढची दोन किंवा पाच वर्षे तुम्हांला त्याच वर्गात बसायचे आहे.