लंडनच्या पहिल्या बसचा मालक

'बस' हा मुळात शब्द नव्हे, प्रत्यय आहे. लॅटिनमध्ये 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातील चतुर्थीचे शेपूट तेवढे आपल्याकडे उरले.

लंडनमध्ये ही सर्वांसाठीची गाडी 4 जुलै 1829 रोजी जॉर्ज शिलिबियर याने सुरू केली. गाड्या बांधण्याचा धंदा करणाऱ्या या गृहस्थाने पॅरिसमधील ऑम्निबस पाहिली होती. पॅडिंग्टन हे तेव्हा उपनगर. तेथून बँक ऑफ इंग्लंडपर्यंत तीन घोड्यांची, सुमारे वीस उतारूंची गाडी, भाडे एक शिलिंग. शहराच्या मध्यभागी उतारू घेण्याचा मक्ता भाड्याच्या घोडागाड्यांकडे असल्याने मार्ग बाहेरच्या न्यू रोडने आखला होता.

गाडी भरू लागली. रोकड मात्र मालकापर्यंत पुरती पोहोचेना. पैसे वाहक गोळा करी, आणि छापील तिकिटे लंडनच्या बसमध्ये रुळायला अजून साठ वर्षे होती. कर्जविभागात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या कथेत पहिली धास्ती वाटते ती येथे.

पाठोपाठ प्रतिस्पर्धी आले. 1832 मध्ये मक्ता उठला, तो सर्वांसाठीच. काहींनी तर स्वतःच्या गाडीवर 'शिलिबियर' हेच नाव रंगविले! बिचाऱ्याला आपल्या गाडीवर 'शिलिबियरची मूळ ऑम्निबस' असे लिहावे लागले. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी आपल्या बाजारात का लागते, हे वाचकांना सांगावयास नकोच.

1834 मध्ये त्याने ग्रिनिचचा मार्ग धरला. त्याचा कर्जअर्ज माझ्या टेबलावर आला असता तर? 1829 चा मी मंजूर केला असता, वाहकांच्या हिशेबाची अट घालून. 1834 चा मात्र परत पाठविला असता. कारण त्याच वाटेवरील रेल्वेला संसदेने वर्षभर आधीच, 1833 मध्ये, मान्यता दिलेली होती. 1836 मध्ये रेल्वे धावू लागली. सरकारी कर थकला, गाड्या जप्त झाल्या, दिवाळे निघाले.

1856 मध्ये फ्रेंच भांडवलावर उभ्या राहिलेल्या एका कंपनीने लंडनमधील सुमारे सहाशे ऑम्निबस विकत घेतल्या. शिलिबियर तेव्हा हयात होता आणि अंत्ययात्रेच्या गाड्या चालवीत होता. शवपेटी आणि आप्तेष्ट एकाच गाडीत, म्हणून खर्च कमी. 1866 मध्ये तो वारला.