जुन्या सायकलला मोटर बसवताय? आधी रस्ता बघा, मग वॅट

पेट्रोल शंभरीपार गेलं आणि घरात पडून असलेली सायकल लोकांना पुन्हा आठवली. डेअरीला दूध घालणारा शेतकरी असो की कॉलेजला जाणारी पोरं, मोबाईलवर व्हिडिओ बघून सायकलला मोटर बसवायचा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती वॅटची आहे?" गफलत इथेच होते.

मोटर बसवायच्या मुख्य पद्धती तीन. पहिली हब मोटर, चाकाच्या मधोमध बसणारी. आवाज कमी, देखभाल कमी. इंदापूर, बारामती, दौंडच्या सपाट रस्त्यावर एकट्याला ती पुरते. त्यातही आत गिअर असलेली बरी. बिनगिअरची वजनाला जास्त असते आणि बॅटरी संपली की पायडल जड जातं.

दुसरी चेनवरची. मागच्या चाकाशेजारी फ्रेमला कसतात, वेगळ्या चेनने चाक फिरतं. आवाज करते, चेनला तेल द्यावं लागतं. पण मोटरचा वेग कमी होऊन चाकाला ओढ मिळते, त्यामुळे ओझ्याला कामाची. जुन्या काळ्या सायकलीचा मागचा चिमटा अरुंद असल्याने हब मोटर त्यात सहसा बसत नाही, तिथेही हीच सोयीची.

तिसरी पायडलजवळची मिड ड्राइव्ह. सायकलचेच गिअर वापरते, म्हणून घाटात सर्वात चांगली. मात्र महाग, आणि चेन लवकर झिजते. बिनगिअरच्या सायकलला तिचा खरा फायदा मिळत नाही.

आता हिशेब बघा. भोर-मुळशीच्या चढावर माणूस, सायकल आणि दूध मिळून १२० किलो धरले आणि शंभर मीटरला सहा मीटर चढ असला, तर ताशी १० किलोमीटरने चढायलाच चाकावर दोनशेहून जास्त वॅट लागतात. ताशी २५ साठी बनवलेली हब मोटर इतक्या हळू चालली की करंट जास्त खेचते आणि तापते. म्हणजे चढाला नुसते वॅट नाही, गिअर लागतो.

बॅटरीचं गणित सोपं आहे. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या युनिटच्या आत चार्ज होते आणि सपाट रस्त्यावर पायडलच्या साथीने २५-३० किलोमीटर नेते.

"मग हजार वॅटची टाकू" म्हणणाऱ्यांसाठी कायदा आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तरच नोंदणी आणि लायसन्सची गरज नाही. ही मापं पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने तपासलेली असावी लागतात. घरच्या जुगाडाला तो कागद नसतो. मे २०२२ मध्ये परिवहन विभागाने बेकायदा बदल केलेल्या ई-बाईकविरुद्ध राज्यभर मोहीमही घेतली होती.

दंड एकवेळ भरता येतो. पण मोठ्या मोटरच्या सायकलने कुणाला धडक बसली तर विमा नसल्याने भरपाई मालकाच्याच खिशातून जाते, प्रसंगी जमिनीच्या तुकड्यावर येते. त्यामुळे मोटर मर्यादेतच ठेवावी, आणि ती बसवण्याआधी ब्रेक बदलावेत. पायडलच्या वेगासाठी बनलेले जुने दांड्याचे ब्रेक ओझ्यासह ताशी २५ च्या वेगाला पुरत नाहीत.