टोपी कुणाची?

परवा माळा आवरताना ट्रंकेत ती टोपी पुन्हा सापडली. खाकी फेल्टची, रुंद काठाची. डावीकडचा काठ वर टाचायला बटण, भोवती कापडी पट्टा, बिल्ला गायब. आमच्या घरात ती 'आजोबांची टोपी'. आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते ना!

भाचा म्हणाला, "मामा, ही गुरख्यांची." पुतण्या म्हणाला, "ऑस्ट्रेलियन." दोघांचंही अगदीच चूक नाही. ऑस्ट्रेलियन सैनिक डावा काठ वर टाचतात; गुरख्यांची टोपी मात्र दुहेरी फेल्टची असते, आमची एकेरी.

मी पडलो मास्तर. आतली चामड्याची पट्टी हलकेच उलटली. खाली बाणाच्या टोकासारखी खूण, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची, आणि साल १९४३. आजोबा तर १९३८ लाच गेले! शिवाय मेसोपोटेमियात आपले मराठे पागोटं बांधून लढले. ही रुंद काठाची टोपी हिंदी फौजेत सर्रास दिसली ती ब्रह्मदेशाच्या लढाईत.

मग आठवले थोरले काका. ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, एवढंच आम्हाला ठाऊक. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात संगशाकला मराठ्यांची चौथी पलटण जपान्यांशी लढली. काका तिथे होते का, हे मी त्यांना कधी विचारलंच नाही. परत आल्यावर त्यांनी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. भिंतीवर फोटो आजोबांचा, गोष्टी आजोबांच्या... आणि काकांची टोपीसुद्धा आम्ही आजोबांना देऊन टाकली.

नातेवाइकांनो, रागावू नका, पण माझं मत स्पष्ट आहे. घराण्याची गोष्ट कितीही गोड असली तरी वस्तू सांगते ते आधी ऐकावं. मेणवलीच्या घाटावरची पोर्तुगीज घंटा पाहा. वसईच्या मोहिमेतून आलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ साल आहे. कित्येक वर्षं ती देवळात आहे, पण ते साल कुणी खरवडलं नाही. म्हणून तर ती आज आपली हकीकत सांगू शकते.

टोपी मी धुतलेली नाही, ब्रशही मारलेला नाही. घामाचा डाग तसाच आहे. सोबत चिठ्ठी ठेवली आहे: 'साल १९४३. बहुधा थोरल्या काकांची.' 'बहुधा' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे.

असो. तुमच्या घरात कुणी असे गप्प म्हातारे असतील, तर आजच विचारा. टोपीला साल असतं, माणसाला नसतं.