शायलॉक आणि शनिवार तेली

मोर्शीच्या वर्गात ज्यू माणूस येतो तो बहुधा दोनच रूपांत: शेक्सपिअरचा शायलॉक, नाहीतर हिटलरच्या छळछावणीतील बळी. त्यांतला शायलॉक विद्यार्थ्यांना चटकन कळतो. पेरणीच्या तोंडावर सावकाराचे उंबरठे झिजविणे काय असते, हे वऱ्हाडातील मुलांना सांगावे लागत नाही. धोका नेमका इथेच आहे. सावकारावरचा रास्त राग नकळत एका समाजावर जाऊन बसतो आणि 'ज्यू म्हणजे सावकार' हे समीकरण उत्तरपत्रिकेत पक्के होते.

ते मोडण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथला घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. दिवेकर, केहिमकर, चेऊलकर ही आडनावे गावांवरून पडलेली. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ सालचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली. इस्रायलला गेल्यावरही 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढले. वाङ्मयेतिहास शिकविताना ही कीर्तने वगळण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मात्र 'ज्यू' हा एकसंध समाज नव्हे, हेही सांगावे लागेल. पुण्याचे लाल देऊळ बांधणारे ससून हे बगदादी. त्यांचे आणि बेने इस्रायलांचे जग निराळे, आणि दोहोंत दुरावाही होता. बेने इस्रायलांतही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद पाळला जाई. इस्रायलमध्ये धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली. आंदोलनानंतर १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. जात जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला यातले दुःख परके वाटणार नाही.

शायलॉक अभ्यासातून काढावा, असे आमचे म्हणणे नाही. तो पुरता शिकवावा. अँटोनिओ त्याच्यावर थुंकत असे, हे नाटकातच आहे. युरोपात अनेक ठिकाणी ज्यूंना जमीन धारण करता येत नसे, कारागिरांच्या संघांत प्रवेश नसे, म्हणून व्याजबट्टा त्यांच्या वाट्याला आला, हेही त्याच तासाला सांगावे.

मोर्शीत ज्यू नाहीत, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. परंतु हिटलरचे आत्मचरित्र मराठीत सहज विकत मिळते आणि आमचे विद्यार्थी ते वाचतात. ज्या समाजाविरुद्ध ते लिहिले गेले, त्यातील काही माणसे मराठीत कीर्तन करीत होती, एवढे तरी त्यांना आधी ठाऊक असावे.