ट्रेकचा धंदा करताय? मग माघारीचा खर्च आधी धरा



जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातला सुवर्णदुर्गही आहे. तेव्हापासून ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांकडून एकच आयडिया ऐकतोय. "सर, ट्रेक काढू का? यात भांडवल लागत नाही."

लागतं! फक्त ते दिसत नाही, म्हणून कोणी धरत नाही.

आमचा पूर्णगड बघा. मुचकुंदीच्या मुखावरचा छोटासा किल्ला. पाण्याची बाटली विसरलात तरी खाली उतरून माझ्या दुकानात याल, सरबत प्याल, विषय संपला. पण खेड तालुक्यातला रसाळगड-सुमारगड-महिपतगड हा ट्रेक घ्या. रसाळगड तसा सोपा. झोलाई देवीचं मंदिर आहे, मुक्काम होतो. सुमारगड मात्र दाट जंगलात. वर्दळ कमी, ढोरवाटा भरपूर, वाट सहज चुकते. पुढे महिपतगडाचा पसारा एवढा मोठा की अंधारात मंदिर शोधायचं म्हणजे परीक्षाच. इथे वाटेत दुकान नाही.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही काढा. समजा १२ जण, माणशी १,८०० रुपये. जमा २१,६००. दोन स्थानिक वाटाडे, दोन दिवस, रोज १,५०० प्रमाणे ६,०००. खेडहून जाता-येता जीप ५,०००. तुमच्यासह १५ जणांचं जेवण ६,०००. दोर, प्रथमोपचार, किरकोळ १,६००. एकूण १८,६००. हातात ३,०००.

आता दुसऱ्या दिवशी एकाचा पाय मुरगळला. सुमारगड सोडून मधूनच खाली उतरायचं, जीप भलत्याच गावात बोलवायची. २,५०० गेले. वर लोक म्हणणार, "दोन किल्ले झालेच नाहीत, पैसे परत द्या." अशा वेळी तुमच्या तोंडून काय निघेल? "चला हो, थोडंच राहिलंय!"

माझं स्पष्ट मत आहे. डोंगरात चुकीचा निर्णय बऱ्याचदा घरी बसून रेट लावतानाच झालेला असतो. ज्याला मागे फिरणं परवडत नाही, तो मागे फिरत नाही. आणि त्याच्यामागे ११-१२ घरांची माणसं चालत असतात.

"पण सर, रेट वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." काही जातीलच. पण पेरूमध्ये बघा. माचू पिचूला जाणाऱ्या इंका ट्रेलवर गाइड आणि हमाल धरून दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात. फेब्रुवारीत वाट पूर्ण बंद. परवानाधारक गाइडशिवाय प्रवेश नाही. एवढी बंधनं असूनही जगभरचे लोक महिनोन्महिने आधी बुकिंग करतात. शिस्तीने गिऱ्हाईक पळत नाही, उलट पैसे कशाचे देतोय ते त्याला कळतं.

म्हणून पहिलं बुकिंग घेण्याआधी एका कागदावर एवढं लिहा :

१. माघारीची वेळ. उदाहरणार्थ, दुपारी १२ पर्यंत सुमारगडाच्या पायथ्याशी पोचलो नाही, तर सुमारगड रद्द. ही वेळ बुकिंगच्या मेसेजमध्येच टाका. वर गेल्यावर मतदान नाही.

२. उतरायच्या वाटा. कुठून खाली येता येतं, तिथे गाडी कोणाची मिळेल, फोनला रेंज कुठे आहे, हे आधी स्वतः फिरून बघा.

३. वाटाड्याची मजुरी. किल्ला झाला काय, न झाला काय, पूर्ण द्यायची. मागे फिरल्यावर त्याचे पैसे कापलेत, तर पुढच्या वेळी तोही "थोडंच राहिलंय" म्हणेल.

४. माघारी फंड. रेट २,४०० करा. जमा २८,८००, खर्च जाता १०,२०० उरतात. त्यातले ३,००० दर ट्रेकला बाजूला काढा. हात लावायचा नाही.

५. कागदपत्रं. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. माणसांचा विमा काढा. जंगलखात्याची परवानगी लागते का, ते आधी विचारा.

आणि हो, पावसाळ्यात हा ट्रेक लावू नका. जाहिरातीचे फोटो हिरवेगार येतील, पण वाट दिसणार नाही. डिसेंबर-जानेवारी धरा.

किल्ला कुठे जात नाही, तीनशे-चारशे वर्षं तिथेच आहे. सगळी माणसं धड घरी पोचवलीत, तर तीच पुढच्या वर्षी आणखी चार जणांना घेऊन येतील. हा कागद तयार झाला की मगच पोस्टर बनवायला घ्या.